जीवनावश्यक वस्तूंचा गुन्हा: गोदामाच्या दारापासून दोषारोपपत्रापर्यंत

(नवे पुरवठा निरीक्षक, शिधावाटप निरीक्षक, कृषी विभागाचे निरीक्षक आणि ठाण्यातले तपासी अंमलदार यांच्यासाठी)

पोलिस ठाण्याच्या नोंदीत 'जीवनावश्यक वस्तू कायदा कलम ३ व ७' असे चढले की आपले काम संपले, असे नव्या निरीक्षकाला वाटते. खटला पडतो तो बहुतेक वेळा याच ओळीपायी. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ चे कलम ३ कोणालाही गुन्हेगार ठरवत नाही. ते सरकारला नियंत्रण आदेश काढायचा अधिकार देते, एवढेच. कलम ७ शिक्षा सांगते, पण शिक्षा कशाची? त्या आदेशाचा भंग केल्याची. म्हणजे खरा गुन्हा कायद्यात नसतो, आदेशाच्या एखाद्या खंडात (क्लॉजमध्ये) असतो. तो खंड फिर्यादीत नसेल, तर बचावाच्या वकिलाला फारसे काही करावे लागत नाही. म्हणून धाडीला निघण्यापूर्वी एकच प्रश्न कागदावर लिहावा: कोणत्या आदेशाचा कोणता खंड मोडला गेला? पुढची सगळी कामे या प्रश्नाच्या उत्तराभोवती फिरतात.

पायरी १: वस्तू आणि आदेश शोधा

आधी वस्तू अधिनियमाच्या अनुसूचीत आहे का ते पाहा. औषधे, खते, खाद्यतेलबिया आणि तेलांसह अन्नपदार्थ, कापसाचे लडीचे सूत, पेट्रोलियम व त्याची उत्पादने, कच्चा ताग व तागाचे कापड, आणि बियाणी (पशुखाद्याच्या वैरणीसह) असा तिचा गाभा आहे. यादी बदलते, म्हणून घटनेच्या दिवशीची यादी पाहायची, आजची नाही. मास्क आणि हँड सॅनिटायझर १३ मार्च २०२० रोजी यादीत आले आणि ३० जून २०२० पर्यंतच राहिले. जुलैत कोणी चढ्या भावाने मास्क विकले असतील तर या कायद्याखाली गुन्हा होत नव्हता.

मग आदेश. महाराष्ट्रात रोज हाताशी लागणारे हे: रेशन दुकानासाठी महाराष्ट्र अनुसूचित वस्तू (वितरणाचे विनियमन) आदेश, १९७५ आणि केंद्राचा लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था (नियंत्रण) आदेश, २०१५, गॅस सिलिंडरसाठी एलपीजी (पुरवठा व वितरण विनियमन) आदेश, २०००, पेट्रोल-डिझेलसाठी मोटर स्पिरिट व हायस्पीड डिझेलचा २००५ चा आदेश, खतांसाठी खत (नियंत्रण) आदेश, १९८५, बियाण्यांसाठी बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३. यांची दुरुस्त्यांसह अद्ययावत प्रत कार्यालयात असावी. जुनी झेरॉक्स ठेवून फिर्याद लिहिणे म्हणजे हातानेच खड्डा खणणे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: गहू-तांदळाच्या साध्या व्यापाराला परवाना लागतो, अशी जुनी समजूत. केंद्राने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१६ च्या आदेशाने विनिर्दिष्ट अन्नपदार्थांवरची परवान्याची अट, साठामर्यादा आणि वाहतुकीचे निर्बंध काढले. अपवाद मध्येच येतात. उदाहरणार्थ, १२ जून २०२३ रोजी गव्हावर साठामर्यादा लागू झाली. पण अपवाद नसेल त्या काळात 'विनापरवाना तांदूळ' हा गुन्हाच नसतो. दुसरा सापळा: २०२० च्या दुरुस्तीने साठामर्यादा लावायला भाववाढीच्या टक्क्यांची अट घातली होती, तिचे जुने लेख अजून वाचायला मिळतात. ती दुरुस्ती कृषी कायद्यांबरोबर २०२१ मध्ये रद्द झाली.

पायरी २: आत शिरायचा अधिकार कोणाला?

या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा कलम १०अ प्रमाणे दखलपात्र आहे. त्यामुळे पोलिस गुन्हा नोंदवू शकतात, तपास करू शकतात. पण आदेशाखाली जागेत शिरणे, झडती घेणे, माल जप्त करणे हा वेगळा अधिकार आहे आणि तो कोणाला, हे प्रत्येक आदेश स्वतः सांगतो. २००५ च्या पेट्रोल-डिझेल आदेशात पोलिस अधिकारी पोलिस उपअधीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही. एलपीजी आदेशात पुरवठा खात्याचा निरीक्षक किंवा त्यावरचा, तोही प्राधिकृत केलेला, किंवा तेल कंपनीचा विक्री अधिकारी वा त्यावरचा असावा लागतो. घरगुती सिलिंडरमधून रिक्षात गॅस भरताना फौजदाराने एकट्याने धाड घातली आणि पुढे उच्च न्यायालयात गुन्हा रद्द झाला, असे अनेकदा घडले आहे. अधिकार नसलेल्याला खबर लागली तर त्याने अधिकार असलेल्याला बोलवावे आणि तो येईपर्यंत जागेवर लक्ष ठेवावे.

आपल्याला प्राधिकृत करणाऱ्या अधिसूचनेची प्रत धाडीच्या पिशवीत असू द्या. उलटतपासणीत पहिला प्रश्न तिच्याबद्दलच येतो.

आणि एकटे जाऊ नका. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळीच्या जागी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आले. इंधनाच्या धाडीला पोलिस बंदोबस्त लेखी मागावा.

पायरी ३: धाड आणि पंचनामा

निघण्यापूर्वी खबर काय, कधी आणि त्यावरून भंग झाला असे मानायला कारण काय, हे दोन ओळींत नोंदवा. जागेवर दोन पंच घ्या, शक्यतो त्याच परिसरातले आणि कार्यालयाच्या पगारावर नसलेले. दर धाडीला दिसणारे तेच दोन पंच न्यायालयाला ओळखीचे होतात, मग त्यांच्या शब्दाला वजन राहत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करावे लागते. मोबाइल चालतो, पण चित्रण दार उघडण्यापासून सही होईपर्यंत सलग हवे. मध्येच बंद करून 'आता पंचनामा लिहा' म्हणत पुन्हा चालू केलेले चित्रण फायद्याऐवजी घात करते.

माल मोजताना 'अंदाजे' हा शब्द टाळा. पोत्यांची संख्या, प्रत्येक पोत्यावरचा शिक्का, शिलाई, गिरणीचे नाव, हंगामाचे वर्ष, वजनकाट्याची पावती आणि काट्याच्या पडताळणी प्रमाणपत्राचा क्रमांक हे सगळे लिहावे. ट्रक असेल तर वे-ब्रिजवर भरलेला आणि रिकामा, अशी दोन्ही वजने घ्यावीत. चालकाकडचे बिल, बिल्टी (मालवाहतुकीची पावती), वजनपावती तिथल्या तिथे ताब्यात घ्यावी, कारण दोन दिवसांनी नवी बिले तयार झालेली दिसतात.

आता रेशनच्या तांदळाची अवघड बाजू. रात्री पोलिस ट्रक अडवतात आणि सकाळी तहसील कार्यालयाला पत्र येते: 'सदर धान्य शासकीय आहे काय, अहवाल द्यावा.' निरीक्षक जातो, तांदूळ मुठीत घेऊन पाहतो आणि लिहून देतो, 'शासकीय असल्याचे दिसून येते.' या एका वाक्यावर खटला टिकत नाही. मोकळ्या पोत्यांत भरलेला तांदूळ नुसत्या नजरेने सरकारी ठरत नाही. भारतीय अन्न महामंडळाच्या शिक्क्याचा बारदाना (पोती) असेल तर तो पुरावा आहे, पण तोही पुरेसा नाही, कारण रिकामा सरकारी बारदाना बाजारात मिळतो. तांदळात पोषणयुक्त दाणे, साधारण शंभराला एक या प्रमाणात, मिसळलेले आहेत का हे प्रयोगशाळा सांगू शकते. तसा तांदूळ खुल्या बाजारातही असतो, म्हणून त्याचाही उपयोग पूरक म्हणूनच.

खरा दुवा मागे शोधायचा असतो: माल कोणत्या दुकानातून किंवा गोदामातून निघाला? त्या दुकानाचा साठा त्याच दिवशी तपासा. आधीची शिल्लक, त्या महिन्यातली आवक आणि ई-पॉसवरचे (कार्डधारकाचा अंगठा घेऊन वाटप नोंदवणाऱ्या यंत्रावरचे) वाटप यांचा हिशेब घाला. समजा, शिल्लक १२.४० क्विंटल, आवक ९६ क्विंटल, वाटप ५८.९० क्विंटल. दुकानात ४९.५० क्विंटल असायला हवेत. मिळाले ३१. तूट १८.५० क्विंटल, म्हणजे ५० किलोची ३७ पोती. ट्रकमध्येही ३७ च्या आसपास पोती असतील तर साखळी जुळली. दुकानाची तपासणी आठवडाभराने केली तर या आकड्यांना अर्थ उरत नाही, तोवर तूट भरून निघालेली असते. 'आम्ही कार्डधारकांकडून विकत घेतले' हा व्यापाऱ्याचा नेहमीचा बचाव. तो आला की ज्यांची नावे तो सांगेल त्यांचे जबाब आणि ई-पॉसवरचे त्यांचे अंगठे दोन्ही तपासावेत.

नमुन्यांचे वेळापत्रक आदेशाप्रमाणे वेगळे असते. खताचा नमुना तीन भागांत काढून त्यांतला एक विक्रेत्याला द्यायचा असतो, आणि प्रयोगशाळेकडे तो 'के' प्रपत्रातल्या (फॉर्म के) पत्रासह ७ दिवसांत रवाना करायचा असतो. पेट्रोल-डिझेलचा नमुना १० दिवसांत पाठवावा लागतो. पाकिटावरचे सील, पंचनाम्यातला सीलचा ठसा आणि प्रयोगशाळेच्या अहवालातले वर्णन तिन्ही एकच असावे. नमुना कोणत्या कपाटात, कोणाच्या ताब्यात, किती दिवस होता याची नोंद नसेल तर अहवाल कितीही चांगला येवो, त्याचा उपयोग होत नाही.

वाहतुकीच्या गुन्ह्यात ट्रक कुठे अडवला हेही मोजून लिहा. मलकियतसिंग खटल्यात (१९६८) परवान्याशिवाय पंजाबबाहेर नेण्यास बंदी असलेल्या भाताची ७५ पोती घेऊन दिल्लीकडे निघालेला ट्रक समालखा नाक्यावर, दिल्लीपासून ३२ मैलांवर अडवला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ही तयारी झाली, प्रयत्न नव्हे. चालक वाटेतून परतही फिरू शकला असता. नारायणसिंग खटल्यात (१९८९) परवान्याशिवाय खत मध्य प्रदेशातून महाराष्ट्राकडे चालले होते आणि ट्रक सरहद्दीजवळच्या सेंधव्याच्या नाक्यावर सापडले. तिथे मात्र तो प्रयत्नच ठरला. म्हणून सरहद्द किती किलोमीटरवर होती, बिल्टीवर मुक्कामाचे गाव कोणते होते, पुढे वळणारा रस्ता होता का, हे पंचनाम्यात यायलाच हवे.

पायरी ४: मालाचे काय करायचे

इथून दोन वाटा फुटतात आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. एक फौजदारी खटल्याची, दुसरी कलम ६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे माल सरकारजमा करण्याची. खटला दाखल असो वा नसो, जप्तीचा अहवाल विनाविलंब जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. धाडीच्या दुसऱ्या दिवशी पाठवावा. तो गेला नसेल तर मालक दंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्दनाम्यासाठी (माल हमीवर परत मिळण्यासाठी) अर्ज करतो आणि माल सुटतो. गेला असेल तर कलम ६ई मुळे सरकारजमा करण्याची कार्यवाही चालू असेपर्यंत माल सोडण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडेच राहतो. सरकारी वकिलांना ही तारीख आधीच कळवून ठेवा.

सरकारजमा करण्याचा आदेश काढणारा अधिकारी जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेला, उपविभागीय अधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारीच असू शकतो. तहसीलदाराने काढलेला आदेश पहिल्याच तारखेला पडतो. आदेशाआधी कलम ६ब ची लेखी नोटीस हवी, तीत कारणे हवीत, म्हणणे मांडायला पुरेसा वेळ हवा आणि सुनावणी हवी. वाहनमालक वेगळा असेल तर त्याला वेगळी नोटीस द्यावी. आपल्या माहितीशिवाय, संगनमताशिवाय आणि सगळी वाजवी काळजी घेऊनही वाहन वापरले गेले, हे त्याला सिद्ध करता येते. भाड्याच्या वाहनाला सरकारजमा होण्याऐवजी दंड भरायचा पर्याय द्यावा लागतो आणि तो दंड जप्तीच्या दिवशीच्या मालाच्या बाजारभावाहून जास्त असू शकत नाही. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेले धान्य वा तेलबिया त्याच्याकडून सरकारजमा होत नाहीत. नाशवंत माल कलम ६अ(२) प्रमाणे विकून पैसे ठेवता येतात.

माल सांभाळणे ही चैन नव्हे. जप्त केलेले खत गोदामात खराब झाल्याबद्दल सरकारने भरपाई द्यावी, असे नागेंद्र राव खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आरोपी सुटला किंवा आदेश रद्द झाला तर माल, आणि तो विकला गेला असल्यास वाजवी व्याजासह किंमत, परत द्यावी लागते.

पायरी ५: फिर्याद

कलम ११ म्हणते, या गुन्ह्याची दखल न्यायालय घेईल ती गुन्ह्याची वस्तुस्थिती सांगणाऱ्या लेखी अहवालावरच, आणि तो लोकसेवकाने केलेला हवा. १९८६ च्या दुरुस्तीनंतर बाधित व्यक्ती किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटनाही असा अहवाल देऊ शकते. पोलिसांचे दोषारोपपत्र हाही लोकसेवकाचा लेखी अहवालच आहे. भगवती सरन खटल्यात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालात गुन्हा घडवणारी वस्तुस्थिती पुरे, पुराव्याचा पसारा मांडायची गरज नाही. पण वस्तुस्थिती हवीच.

फिर्यादीचा सांगाडा असा ठेवावा: मी कोण, कोणत्या अधिसूचनेने प्राधिकृत; खबर आणि वेळ; जागा, तिचा मालक, परवानाधारक आणि परवाना क्रमांक; काय, किती, कोणत्या अवस्थेत सापडले; कागदपत्रे काय दाखवतात आणि प्रत्यक्षात काय आहे; आणि शेवटी, 'यावरून अमुक आदेशाच्या अमुक खंडाचा भंग झाला असून तो अधिनियमाच्या कलम ७(१)(अ) च्या अमुक उपखंडाखाली शिक्षापात्र आहे.' ही शेवटची ओळ सर्वात आधी लिहा, मग वरची वस्तुस्थिती तिला पुरते का ते ताडून पाहा. 'काळ्या बाजारात विक्रीच्या उद्देशाने' असे शब्द भरायचा मोह टाळा. विकत घेणारा हाती नसेल तर ते शब्द सिद्ध करता येत नाहीत आणि खंडाला त्यांची गरजही नसते.

पोलिस नोंद घेत नसतील तर दंडाधिकाऱ्यांकडे थेट तक्रार करता येते. लोकसेवकाने कामाचा भाग म्हणून केलेल्या तक्रारीत आधी शपथेवर जबाब लागत नाही. ग्राहक संघटनेच्या तक्रारीत तो लागतो. नव्या संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडायची संधीही मिळते, तेवढा वेळ धरून चालावे.

पायरी ६: तपासात काय जमवायचे

शिक्षा जास्तीत जास्त ७ वर्षांची असल्याने अटक ही आपोआप येणारी गोष्ट नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजेरीची नोटीस द्यावी आणि अटक केलीच तर कारणे लिहावीत.

ई-पॉसचे आणि संगणकातले उतारे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह, हॅश मूल्यासकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या संकेतांकासकट) घ्यावेत. प्रमाणपत्राविना आलेला छापील कागद हा नुसता कागदच. आरोपी कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर कलम १० लक्षात ठेवून संस्थेलाही आरोपी करावे आणि त्या दिवशी कामकाजाची जबाबदारी कोणाकडे होती याचा दस्तऐवज मिळवावा. सगळ्या संचालकांची नावे रांगेने घालणे सोपे असते, पण त्यांतली बरीच पुढे गळतात. खताच्या उत्पादकाने गुणवत्तेसाठी जबाबदार अधिकारी नेमलेला असतो, त्याचे नाव मागवावे. आरोपी गोदामपाल किंवा दुसरा लोकसेवक असेल आणि आदेशाखालचे काम करताना गुन्हा घडला असेल, तर कलम १५अ ची पूर्वपरवानगी दोषारोपपत्राआधी घ्यावी.

'मला माहीत नव्हते' या बचावाचे काय? धार येथील धान्यव्यापारी नथुलाल यांच्या खटल्यात (१९६५) परवाना मिळेल असे प्रामाणिकपणे मानणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने सोडले. पुढे कायदा बदलला. कलम १०क मुळे दोषी मनःस्थिती आता गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे आरोपीने दाखवायचे असते. परवाना लागतो अशा कृतीत परवाना असल्याचा भार कलम १४ ने आरोपीवरच टाकला आहे. पण दोन्ही गृहीतके उपयोगी पडतात ती कृती तुम्ही सिद्ध केल्यावर. ट्रकातला तांदूळ रेशनचा होता हे ती सांगत नाहीत.

पायरी ७: न्यायालय आणि मुदत

१९८१ च्या विशेष तरतुदींच्या कायद्याने आणलेली विशेष न्यायालये त्याची मुदत संपल्यावर राहिली नाहीत. आता हे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात.

शिक्षेचे दोन प्रकार नीट ओळखा. कलम ३(२)(एच) किंवा (आय) खालच्या आदेशाचा, म्हणजे माहिती पुरवणे आणि नोंदवह्या ठेवणे याविषयीच्या आदेशाचा भंग असेल तर शिक्षा १ वर्षापर्यंत. बाकीच्या भंगाला किमान ३ महिने, कमाल ७ वर्षे आणि दंड. ३ महिन्यांहून कमी द्यायची तर न्यायालयाला खास कारणे लिहावी लागतात. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान ६ महिने. या फरकाचा फटका मुदतीत बसतो. १ वर्षाच्या गुन्ह्याची दखल घटनेपासून वर्षभरातच घेता येते, तर ७ वर्षांच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही. नुसत्या नोंदवहीच्या गुन्ह्याचे दोषारोपपत्र प्रयोगशाळेच्या एखाद्या अहवालाची वाट पाहत दीड वर्ष फायलीत पडून राहिले, तर त्या विलंबाला न्यायालयापुढे काय कारण द्यायचे ते आधी ठरवावे लागते.

साक्षीच्या तारखेला जाताना प्राधिकृत केल्याची अधिसूचना, मूळ पंचनामा, वजनपावत्या, सीलचा ठसा आणि घटनेच्या दिवशी लागू असलेल्या आदेशाची प्रत सोबत घ्या. बदलीनंतर चार वर्षांनी समन्स येते आणि जुन्या कार्यालयातली फाइल तोवर कुठल्या तरी गठ्ठ्यात गेलेली असते. म्हणून दोषारोपपत्र गेले त्याच दिवशी या कागदांचा एक संच स्वतःच्या नावाने वेगळा बांधून, त्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक लिहून ठेवावा.